पहिल्या तासाला झोपणारा मुलगा : शिक्षकांची प्रशिक्षणं आखणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या शिक्षकांची प्रशिक्षणं आणि शाळांच्या वेळा ठरवणारे सर्व अधिकारी व तज्ज्ञ मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सहावी ते दहावी, गेली एकोणीस वर्षं. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि आठवीपर्यंतच्या वर्गांना शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या आम्हा सगळ्यांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणं भाग पडलं. त्या निकालाबद्दल संघटना बोलत आहेत, मला इथे त्यावर काही म्हणायचं नाही. पण त्या निमित्तानं चव्वेचाळिसाव्या वर्षी मी बालमानसशास्त्राचं पुस्तक पुन्हा उघडलं. दीडशे गुणांच्या पेपरात या विषयाला तीस गुण आहेत. रात्री ओटा आवरून झाला की प्रश्नसंच घेऊन बसते.

अशाच एका रात्री एका साध्या प्रश्नापाशी थांबले. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या मते मुलाच्या विचारशक्तीची अकरा वर्षांनंतरची अवस्था कोणती? उत्तर येत होतं : औपचारिक क्रियात्मक अवस्था, म्हणजे मूल अमूर्त विचार करू लागतं, 'असं केलं तर काय होईल' हे मनातल्या मनात पडताळून पाहू लागतं. गोल काळा करून पुढे जायचं. पण माझ्या आठवीच्या वर्गात ४८ मुलं आहेत, तेरा-चौदा वर्षांची. त्यातली किती जण असा विचार करतात, हे मला सांगता येईना. एवढी वर्षं याच वयाच्या मुलांसमोर उभी राहते आहे, आणि हा प्रश्न मी त्यांच्याकडे पाहून कधी स्वतःला विचारलाच नव्हता.

पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी मुलांपुढे दोरी आणि वजनं ठेवली होती. लंबक सावकाश किंवा जलद कशामुळे झुलतो? दोरीच्या लांबीमुळे, वजनामुळे, किती उंचीवरून सोडला त्यामुळे, की किती जोर दिला त्यामुळे? मुलाला बरोबर उत्तर येतं का याला महत्त्व नव्हतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या, हे त्याला आपणहून सुचतं का, ते पाहायचं होतं.

दोन दिवसांनी मी सुतळीचा गुंडा आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले लहान-मोठे नट घेऊन वर्गात गेले. मधल्या सुट्टीनंतरचा तास होता. सहा-सहांचे आठ गट केले आणि काही न सांगता प्रश्न फळ्यावर लिहिला. बहुतेक गटांनी सुतळीही लांब केली, नटही मोठा बांधला आणि 'वजनामुळे सावकाश झाला' असं वहीत लिहून मोकळे झाले. वर्गात पहिली येणारी मुलगी हळूच जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, हे कुठल्या धड्यात आहे?"

खिडकीकडच्या शेवटच्या गटात एक मुलगा आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्यानं दुसऱ्याच्या हातातली सुतळी घेतली, तिला तीन ठिकाणी गाठी मारल्या आणि एकच नट त्या तीन लांबींवर झुलवून पाहिला. मग लांबी तीच ठेवून नट बदलला. मी पाठीमागे उभी आहे हे त्याला कळलंही नाही. विचारलं तर म्हणाला, "वजनाचं काय नाय मॅडम. ओळंब्याची दोरी लांब सोडली की तो दमानं झुलतो. बारका लावा नायतर मोठा." वडील गवंडी आहेत. रविवारी हा त्यांच्या हाताखाली जातो.

माझ्या गुणपत्रकात हा मुलगा विज्ञानात काठावर पास आहे.

नंतर वाचताना कळलं की पियाजे यांनी १९७२ मध्ये आपलंच म्हणणं सैल केलं होतं. ही क्षमता अकरा ते पंधरात दिसली नाही तर पंधरा ते वीसमध्ये दिसेल, आणि ज्याचा हात ज्या कामात बसलेला आहे त्या कामात ती दिसेल, असं त्यांनी मांडलं. सुतारकाम, कुलपांचं काम, यंत्रांचं काम शिकणाऱ्या मुलांचं उदाहरणही दिलं होतं. मी वापरलेल्या एकाही प्रश्नसंचात हे नाही. तिथे अकराव्या वर्षी अवस्था बदलते आणि एक गुण मिळतो. याच पियाजे यांना तरुणपणी पॅरिसमध्ये बुद्धिमापनाच्या चाचण्या तपासायचं काम मिळालं होतं, आणि त्यांचं लक्ष मुलांच्या चुकलेल्या उत्तरांनी वेधून घेतलं. एकाच वयाची मुलं एकाच तऱ्हेनं का चुकतात, या कुतूहलातून त्यांचं पुढचं सगळं काम उभं राहिलं. ते कुतूहल आमच्यापर्यंत पोहोचावं, यासाठी हे पत्र आहे.

त्या मुलाबद्दल अजून सांगायचं आहे, आणि ते सांगणं मला जड जातं. जून ते ऑक्टोबर मी त्याला पहिल्या तासाला उभं करत होते. आमची शाळा ७ वाजून १० मिनिटांनी भरते. साडेसातपर्यंत त्याचं डोकं बाकावर टेकलेलं असायचं. आधी हाक मारायची, मग ओरडायची, मग मागे भिंतीला उभा करायची. एकदा तो उभ्या उभ्या झोपला आणि गुडघ्यातून वाकला, तेव्हा सगळा वर्ग हसला. मीही थोडी हसले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना बंदी आहे हे मला पाठ आहे. मी करत होते ते त्यात बसतं, असं तेव्हा मनातही आलं नाही. त्याच्या नोंदीत मी 'अभ्यासात लक्ष नाही, आळशी' असं लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात ते अजून आहे.

दिवाळीनंतरच्या पालकसभेला त्याची आई आली. मोबाइल बघत जागत असेल, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "फोन एकच आहे घरात, तो ह्यांच्या खिशात असतो. आम्ही नवाला दिवा घालवतो मॅडम. बारका लगेच झोपतो. हा मात्र अकरा-साडेअकरापर्यंत कूस बदलत पडलेला असतो. पाचाला उठवताना माझाच जीव तुटतो." त्यांची वस्ती नऊ किलोमीटरवर. मुक्कामी एसटी पावणेसहाला सुटते. ती चुकली तर पुढची साडेआठला.

अकराला झोप आणि पाचला जाग. मी बोटांवर मोजलं.

वयात येताना मुलांच्या शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं आणि सकाळी उशिरा ओसरतं. म्हणून एकाच खोलीत, एकाच अंधारात दहा वर्षांचा धाकटा नवाला झोपतो आणि चौदाचा थोरला झोपू शकत नाही. यात त्याचा हट्ट नसतो. फोनच्या उजेडानं हे आणखी बिघडतं हे खरं, पण फोन नसलेल्या घरातही हे घडतं. मेरी कार्सकाडन या संशोधिकेनं स्टॅनफर्ड विद्यापीठात उन्हाळी शिबिरं भरवून मुलांची झोप वर्षानुवर्षं मोजली. मुलांना रात्री दहा तास अंथरुणात राहायची मुभा होती. दहा वर्षांच्या मुलांपेक्षा वयात आलेली मुलं कमी झोपतील असा अंदाज होता, पण दोघंही सव्वानऊ तासांच्या आसपास झोपली. शिवाय तेवढं झोपूनही वयात आलेली मुलं दिवसा जास्त पेंगुळलेली दिसली. म्हणजे मूल मोठं झालं की त्याला झोप कमी लागते, हा आपला समजच चुकीचा होता. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. आणि पहाटे जी झोप तोडली जाते तिच्यात स्वप्नांच्या झोपेचा वाटा सर्वांत मोठा असतो. शिकलेलं डोक्यात मुरायला, मन ताळ्यावर राहायला तिचा उपयोग होतो.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलं की या वयाच्या मुलांची शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नये. कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये कायदा केला आणि २०२२ पासून तिथल्या हायस्कुलांना तो लागू झाला.

आपल्याकडेही निर्णय झाला. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपालांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला : पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत. लहान मुलांसाठी तो निर्णय चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण ज्या इमारतीत दोन सत्रं भरतात तिथे काय झालं, ते आमच्याकडे येऊन पाहा. खोल्या तेवढ्याच होत्या. चिमुकल्यांना दुपारचं सत्र मिळालं आणि मोठ्यांना सकाळचं. दोघांपैकी ज्यांचं शरीर पहाटे उठायला जास्त नाखूश असतं, नेमकी तीच मुलं अंधारात घराबाहेर पडू लागली. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे प्रार्थना होते तेव्हा जेमतेम फटफटलेलं असतं.

यात कुणाचा दुष्टावा आहे असं मी म्हणत नाही. निर्णय घेताना 'मूल' म्हटल्यावर डोळ्यांसमोर सहा वर्षांचं मूल उभं राहिलं, एवढंच. आमच्याही डोळ्यांसमोर तेच असतं. या मातीत बालशिक्षणाची परंपरा फार मोठी आहे. ताराबाई मोडकांनी शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघांना घेऊन आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर कुरणातच शाळा भरवली. मूल कुठे आहे, कोणत्या वेळेला आहे, ते आधी बघायचं आणि शाळा तिथे न्यायची, असा तो शहाणपणा होता. मिसरूड फुटलेल्या, आवाज फाटलेल्या मुलासाठी आणि पाठीला दप्तर लावून मागचा भाग झाकत चालणाऱ्या मुलीसाठी आपण हा शहाणपणा वापरला नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. पाळीचा धडा दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये येतो. पाळी सहावी-सातवीत येते. माझ्याच तासाला सातवीतली एक मुलगी उत्तर येत असून उभी राहिली नाही, तेव्हा मी तिला उद्धट म्हणाले होते. तास संपल्यावर तिच्या मैत्रिणीनं कानात कारण सांगितलं. शाळेतली खिचडी आठवीनंतर बंद होते. सहावी ते आठवीच्या मुलाला रोज १५० ग्रॅम धान्य ठरवून दिलेलं आहे, मग नववीत काही नाही. मुलग्यांची उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती चौदाच्या आसपास. नववीतली मुलं जेवणाच्या सुट्टीत आठवीच्या रांगेकडे पाहत नळावर पाणी पितात. मुलींचं तर काय सांगू? देशात १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये दर शंभरात ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. लोहाची निळी गोळी आम्ही वाटतो. का घ्यायची आणि मळमळलं तर काय करायचं, हे सांगायला मात्र आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. त्यामुळे बऱ्याच गोळ्या जिभेखाली राहतात आणि गटारात जातात.

आणि मित्रांची गोष्ट. स्टाइनबर्ग आणि गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एका प्रयोगात मुलांना गाडी चालवण्याचा खेळ खेळायला दिला. काही जण एकटे खेळले, काही जण मित्र पाहत असताना. मित्र पाहत असले की किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करायची, प्रौढ माणसांत तसा फरक पडला नाही. हे वाचल्यावर मी वर्गात कुणालाही सगळ्यांसमोर झापणं थांबवलं. व्हरांड्यात बाजूला घेऊन बोलते. चारचौघांत ज्यानं उलटून उत्तर दिलं असतं तोच मुलगा तिथे मान खाली घालून ऐकतो, कधी डोळ्यांत पाणी आणतो. एवढी साधी गोष्ट मला सेवेच्या एकोणिसाव्या वर्षी कळली. ती पहिल्या वर्षी कळली असती तर, हा विचार हल्ली माझी पाठ सोडत नाही.

आता मागणं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी मिळावेत. त्यातले दहा तास सहावी ते दहावीच्या शिक्षकांना फक्त या वयासाठी द्या. दहा तास सभागृहात पडद्यावरच्या स्लाइड बघण्यात मात्र घालवू नका. प्रत्येक शिक्षकानं आपल्या वर्गातलं एकच मूल निवडावं, शक्यतो जे डोक्यात जातं ते. वर्षभर दर पंधरवड्याला त्याच्याविषयी अर्धं पान लिहावं : ते कितीला उठतं, काय खाऊन येतं, कुणाशेजारी बसतं, कोणत्या तासाला खुलतं, कुठे चुकतं आणि नेमकं कसं चुकतं. महिन्यातून एकदा आसपासच्या पाच-सहा शाळांच्या शिक्षकांनी एकत्र बसून, मुलांची नावं न घेता, ही पानं एकमेकांना वाचून दाखवावीत. सोबत झोप, वाढ, पाळी, मेंदू यांची माहिती देणारा डॉक्टर किंवा समुपदेशक असावा, पण त्यानं पानं ऐकून झाल्यावर बोलावं. मी त्या मुलाबद्दल अशी सहा पानं लिहिली आहेत. पहिल्या पानावर सगळी तक्रार आहे. चौथ्या पानावर मी पहिल्यांदा त्याचं हस्ताक्षर कसं आहे ते लिहिलं आहे.

शाळेच्या वेळेबद्दल. दोन सत्रांच्या शाळांचा प्रश्न एका परिपत्रकानं सुटणार नाही हे मला कळतं. खोल्या बांधाव्या लागतील, त्याला वर्षं लागतील. मुक्कामी गाडी उशिरा सोडली तर तिच्यातून कामावर जाणाऱ्या बायकांचा रोज बुडेल. तरीही पाचवी ते दहावीच्या मुलांचा झोपेच्या दृष्टीनं विचार झालाय, अशी एक ओळ तरी शासनाच्या कागदावर यावी. म्हणजे निदान मुख्याध्यापकांना वेळ मागेपुढे करायला आधार मिळेल. तोवर काय करता येतं तेही सांगते, कारण आम्ही ते केलं. मुख्याध्यापक ऐकणारे निघाले. जानेवारीपासून आठवीचा पहिला तास गणिताचा किंवा विज्ञानाचा नसतो, खेळाचा असतो आणि तो मैदानावर, उन्हात होतो. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीरातलं घड्याळ हळूहळू मागे सरकायला मदत होते. घटक चाचण्या तिसऱ्या तासाला घेतो. खेळाच्या सरांनी आधी नाराजी दाखवली, कारण त्यांनाच पहाटे साहित्य काढावं लागतं. आता तेच म्हणतात की पोरं पहिली दहा मिनिटं मेंढरांसारखी उभी असतात आणि मग अंगात येतं.

तो मुलगा आता तिसऱ्या तासाला जागा असतो. पहिल्या तासाला अजूनही कधी कधी मैदानाच्या कडेला लिंबाच्या बुंध्याला टेकून डोळे मिटतो. त्याला कुणी उठवत नाही. गणितात तो अजून मागे आहे, बीजगणितातलं 'क्ष' त्याच्या पचनी पडत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात मी गणिताच्या सरांना सांगितलं की भिंतीला विटा किती लागतील याचा हिशेब त्याच्याकडून मांडून घ्या, आणि भिंतीची लांबी मात्र सांगू नका. सर या सोमवारी करून बघणार आहेत.

तुमच्यापैकी कुणीतरी यावं, अशी विनंती आहे. तपासणीला नको. पुढच्या डिसेंबरात कोणत्याही दोन सत्रांच्या शाळेत सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी या आणि आठवीच्या मागच्या बाकावर एक तास बसा. आदल्या रात्री त्याच तालुक्यात मुक्काम करा आणि सकाळी मुलांबरोबर मुक्कामी गाडीनंच या. तुम्ही जे पाहाल ते अर्धं पान लिहा. आमच्या पुढच्या बैठकीत ते आम्हाला वाचून दाखवा.

आपली नम्र,
एक माध्यमिक शिक्षिका